निळं स्टिकर पुरत नाही: दिव्यांगांसाठी पार्किंग, टोल आणि वाहन सवलतींची कागदोपत्री वाट

ब्रिटनमध्ये ब्लू बॅज असतो, अमेरिकेत गाडीच्या आरशाला अडकवायचं प्लॅकार्ड असतं. ते दिसलं की राखीव जागेचा हक्क सिद्ध होतो. भारतात देशभर चालेल असा एकच पार्किंग परवाना नाही. म्हणून बहुतेक जण व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं निळं स्टिकर विकत आणतात, काचेवर चिकटवतात आणि काम झालं असं समजतात. पण ते स्टिकर पैसे टाकून कुणीही घेऊ शकतो. टोलनाक्यावरचा माणूस, पार्किंगचा ठेकेदार आणि वाहतूक पोलीस, तिघांनाही त्याच्याकडे काणाडोळा करायची पूर्ण मुभा आहे.

ज्याच्याकडे काणाडोळा करता येत नाही ते कागद दोन: व्यक्तीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र, आणि गाडीच्या आरसीवरची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरची, नोंद. पार्किंग, टोल, कर, विमा या सगळ्या सवलती या दोन कागदांपैकी एकावर किंवा दोन्हींवर उभ्या आहेत. त्यामुळे आधी हे दोन कागद नीट करून घ्यायचे आणि मग एकेक सवलत मागायची. उलट क्रमाने गेलं की प्रत्येक खिडकीवरून परत यावं लागतं.

यूडीआयडी: सगळ्याची सुरुवात इथून

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, त्यालाच कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्व म्हटलंय. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड या दोन्हींसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवर एकच अर्ज भरायचा असतो. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा एवढं स्कॅन करून हाताशी ठेवा. अर्ज करताना जे रुग्णालय निवडाल तिथे तपासणीला बोलावणं येतं. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग बोर्डाचे वार ठरलेले असतात, तेव्हा आधी फोन करून वार आणि विभाग विचारा. हाडांचे, डोळ्यांचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर एकाच दिवशी बसतातच असं नाही.

महाराष्ट्रात २०१२ नंतर अनेकांना एसएडीएम या संगणक प्रणालीतून प्रमाणपत्रं मिळाली. ती जवळ असतील तरी यूडीआयडी क्रमांक वेगळा काढून घ्यावा लागतो. आधीचं प्रमाणपत्र असल्याची माहिती अर्जातच भरायची आणि त्याची प्रत जोडायची. यूडीआयडी क्रमांक अठरा अक्षर-अंकांचा असतो. कार्डावर एक रंगीत पट्टाही असतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा. खिडकीवरचा अनुभवी कारकून आकडा वाचायच्या आधी रंगच बघतो.

प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून तीन गोष्टी वाचा. आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का? दिव्यांगत्व कायमचं लिहिलंय की तात्पुरतं? तात्पुरतं असेल तर फेरतपासणीची तारीख कोणती? ही तारीख उलटली की टोलच्या टॅगपासून एसटीच्या सवलतीपर्यंत सगळं अडकतं. टक्केवारी कमी लागली असं वाटलं तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलासोबत तपासणीचे ताजे रिपोर्ट जोडा. भावनिक अर्जापेक्षा एमआरआयचा कागद जास्त बोलतो.

हे प्रमाणपत्र देशभर चालतं. परराज्यातल्या कुणी ‘आमच्या राज्याचं आणा’ म्हटलं तर कलम ५८ दाखवा.

आरसीवरची ती एक ओळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि नुकसानही इथेच होतं. दोन नोंदी आहेत, आणि डीलर, एजंट, कधीकधी आरटीओतले लोकसुद्धा त्या एकच समजून बोलतात.

पहिली नोंद मालकीच्या प्रकाराची. २२ ऑक्टोबर २०२० च्या अधिसूचनेने वाहन नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकाच्या प्रकारांत ‘दिव्यांगजन’ हा प्रकार आला. त्याचे दोन पोटप्रकार आहेत, जीएसटी सवलत घेतलेला आणि न घेतलेला. त्याआधी दिव्यांग माणसाची गाडीही सरसकट ‘इंडिव्हिज्युअल’ म्हणून नोंदली जायची, आणि गाडी कुणाची आहे हे सिद्ध करायला आरसीचा काहीच उपयोग व्हायचा नाही.

दुसरी नोंद गाडीच्या प्रकाराची. मोटार वाहन कायद्यात पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता. २०१९ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे रूपांतरित वाहन, असा शब्द आला. शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी मुद्दाम बनवलेलं किंवा बदल करून घेतलेलं, आणि फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठी वापरलं जाणारं वाहन, अशी ती व्याख्या आहे. ‘तिच्यासाठी’ हे महत्त्वाचं आहे. गाडी दिव्यांग व्यक्तीने स्वतःच चालवली पाहिजे अशी अट या व्याख्येत नाही. बाबांना व्हीलचेअरसकट नेता यावं म्हणून बदल करून घेतलेली गाडी मुलगी चालवत असली तरी ती या व्याख्येत बसते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. नवी गाडी घेत असाल तर बुकिंगच्या दिवशीच डीलरला लेखी कळवा की नोंदणी दिव्यांगजन या मालकी प्रकारात हवी. नुसतं तोंडी सांगितलेलं डिलिव्हरीच्या गडबडीत विसरलं जातं. बिल, कर्जाची कागदपत्रं, विमा आणि फॉर्म २० या चारही ठिकाणी नाव दिव्यांग व्यक्तीचंच हवं. ‘कर्ज मुलाच्या नावावर, गाडी वडिलांच्या नावावर’ असलं काही ठरत असेल तर बँकेशी आधी बोलून मुलाला सहकर्जदार करा, पण नोंदणीतला मालक बदलू नका. फॉर्म २० ची भरलेली प्रत सही करण्यापूर्वी स्वतः वाचा. आरसी आली की एमपरिवहन अॅपवर किंवा डिजिलॉकरमध्ये मालकीचा प्रकार काय दिसतो ते तपासा. चूक पहिल्या आठवड्यात दुरुस्त करणं सोपं जातं.

आधीच घेतलेल्या गाडीत हँड कंट्रोल (हाताने चालवायचे ब्रेक-अॅक्सिलरेटर), डाव्या पायाचा अॅक्सिलरेटर किंवा स्कूटरला साइड व्हील बसवायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला एरवी बंदी आहे, पण रूपांतरित वाहनासाठी त्यात वाट ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त किट वापरा, बसवणाऱ्याकडून पक्कं बिल आणि किटच्या मान्यतेची प्रत घ्या, आरटीओत अर्ज करा, निरीक्षकाला गाडी दाखवा आणि बदलाची नोंद आरसीवर चढवून घ्या. गल्लीतल्या गॅरेजमध्ये साइड व्हील लावून वर्षानुवर्षं तशीच गाडी चालवणारे खूप आहेत. अपघात होईपर्यंत काही बिघडत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते: हा बदल आरसीवर आहे का?

चालवणारी व्यक्ती स्वतः दिव्यांग असेल तर लायसन्सवरही रूपांतरित वाहनाचा वर्ग हवा. चाचणीला तीच गाडी घेऊन जायची, दुसऱ्याची साधी गाडी चालत नाही. डावा पाय कमजोर असलेल्या अनेकांना क्लच नसलेली ऑटोमॅटिक कार कुठलाही बदल न करता चालवता येते. अशा कारची नोंद दिव्यांगजन मालकी प्रकारात होऊ शकते, पण ती आपोआप रूपांतरित वाहन ठरत नाही. या फरकाचं काय होतं ते टोलच्या वेळी कळतं.

कर, जीएसटी आणि विमा

जीएसटीबद्दल जुने व्हिडिओ पाहून डीलरकडे जाऊ नका. पूर्वी अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणून छोट्या कारवर २८ टक्क्यांऐवजी १८ टक्के जीएसटी भरता येत असे. कारची लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, आणि पाच वर्षं गाडी विकायची नाही, अशा अटी होत्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापाच्या छोट्या कारवरचा दर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला. म्हणजे दिव्यांगांची सवलत कुणी हिसकावली नाही, पण तिचं वेगळेपण संपलं. बदल करून घेण्याचा खर्च मात्र अजून दिव्यांग माणसाच्याच खिशातून जातो, याकडे धोरण ठरवणाऱ्यांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. व्हीलचेअर आणि तत्सम दिव्यांगांच्या गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. जुन्या सवलतीत कार घेतली असेल तर पाच वर्षांची अट तुम्हाला अजून बांधील आहे, हे विकताना लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात रूपांतरित वाहनाला मोटार वाहन करातून सूट मिळते. अर्ज कर भरण्याआधी करा. भरलेला कर परत मागणं हा स्वतंत्र आणि दमवणारा उद्योग आहे.

विम्याची सवलत फार कमी लोकांना माहीत आहे. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमावलीत, दिव्यांगांसाठी बनवलेल्या किंवा बदललेल्या वाहनाला ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर, ५० टक्के सूट ठेवली आहे. पॉलिसीत हिची नोंद ‘आयएमटी १२’ या नावाने होते. आरसीवर रूपांतराची नोंद असली पाहिजे, ही अट. ऑनलाइन पॉलिसी घेताना हा पर्याय बऱ्याचदा दिसत नाही. अशा वेळी कंपनीला ईमेल करून आयएमटी १२ लावलेलं कोटेशन मागवा आणि बसवलेल्या किटची किंमत गाडीच्या विमा रकमेत धरली आहे का तेही विचारा. थर्ड पार्टीच्या हप्त्यावर ही सूट नाही.

टोलनाका

राष्ट्रीय महामार्गांवरच्या शुल्काचे २००८ चे नियम आहेत. त्यातल्या नियम ११ मध्ये टोल माफ असलेल्यांच्या यादीत दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी मुद्दाम तयार केलेलं वाहन आहे. नियमाची भाषा वाहनाबद्दल आहे, माणसाबद्दल नाही. म्हणून नुसतं यूडीआयडी कार्ड काचेतून दाखवून टोल माफ होत नाही आणि त्यावर बूथमधल्या पोराशी भांडून उपयोग नाही. मागे हॉर्न वाजायला लागतात, शेवटी पैसे कापलेच जातात.

रीतसर मार्ग एक्झेम्प्टेड फास्टॅगचा, म्हणजे टोल माफ असलेल्या गाड्यांसाठीच्या वेगळ्या टॅगचा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या त्यासाठीच्या पोर्टलवर अर्ज करायचा. आरसी, यूडीआयडी किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, लायसन्स आणि गाडीचे फोटो जोडायचे. फोटोत नंबरप्लेट आणि केलेला बदल, म्हणजे हँड कंट्रोल किंवा साइड व्हील, दोन्ही स्पष्ट दिसू द्या. प्राधिकरणाचं प्रादेशिक कार्यालय तपासणी करून मंजुरी देतं आणि टॅग त्या गाडीच्या नंबरला बांधलेला असतो. आरसीवर रूपांतराची नोंद असेल तर अर्ज सरळ जातो. फक्त मालकी दिव्यांगजन असेल तर शंका निघण्याची शक्यता धरून चाला आणि खुलासा तयार ठेवा.

टॅग मिळेपर्यंत साधा फास्टॅग चालू ठेवा. मिळाल्यावर जुना बंद करून काचेवरून काढा. दोन टॅग काचेवर राहिले तर नको तो वाचला जातो आणि पैसे कापले जातात. कापलेच तर १०३३ या हेल्पलाइनवर नाक्याचं नाव, वेळ आणि व्यवहार क्रमांक सांगून तक्रार नोंदवा. राज्याच्या अखत्यारीतल्या रस्त्यांवर हा टॅग चालेलच असं गृहीत धरू नका, त्या नाक्यांचे माफीचे नियम वेगळे असतात. मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना सरसकट टोलमाफी आहे, तिथे कागद दाखवायचा प्रश्नच उरला नाही.

राखीव जागा म्हणजे नुसती पिवळी चौकट नव्हे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळांवर पार्किंगसह सगळ्या सोयी सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याच्या, मानकांप्रमाणे हव्यात असं लिहिलंय. कलम ४४ प्रमाणे मानकं पाळल्याशिवाय नव्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना सुधारणेसाठी नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम १५ जून २०१७ चे आहेत, म्हणजे ती मुदत २०२२ च्या जूनमध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेची मानकं केवळ शिफारशी असू शकत नाहीत, त्यातला किमान भाग बंधनकारक असला पाहिजे, असा निकाल दिला. अर्जात हा निकाल एका ओळीत नमूद करा, समोरच्याचा सूर बदलतो.

मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत किमान दोन गाड्यांची जागा, आणि प्रत्येक जागेची रुंदी किमान ३.६ मीटर. एवढी रुंदी का? गाडीचं दार पूर्ण उघडल्यावर शेजारी व्हीलचेअर उभी राहिली पाहिजे आणि माणसाला सीटवरून खुर्चीत सरकता आलं पाहिजे. त्यासाठी गाडीच्या बाजूला सुमारे १.२ मीटरची मोकळी पट्टी लागते. साध्या पार्किंगच्या चौकटीत निळा रंग मारला तर गाडी उभी राहते, पण माणूस आत अडकतो. मॉलमध्ये, रुग्णालयांत असं रंगकाम पावलोपावली दिसतं.

जागा बघायला गेलात तर मोजपट्टी घेऊन जा आणि पुढची वाट चालून किंवा चाकावरून जाऊन बघा. गाडी उताराला उभी राहते का, म्हणजे उतरताना व्हीलचेअर घरंगळेल का? फूटपाथला रॅम्प आहे की पाच इंचांची पायरी? लिफ्टपर्यंतच्या रस्त्यात स्पीडब्रेकर, गटाराची जाळी, साखळी लावलेले खांब आहेत का? जमिनीवरच्या चिन्हाबरोबर उभी पाटी आहे का? पाटी नसेल तर एक गाडी उभी राहिली की जमिनीवरचं चिन्ह झाकलं जातं आणि जागा राखीव आहे हे कुणालाच कळत नाही.

मानकं मुख्यतः कार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. आपल्याकडे रस्त्यावर दिसणारे बहुसंख्य दिव्यांग चालक मात्र साइड व्हीलच्या स्कूटरवर असतात. दुचाकी स्टँडमध्ये गाड्या इतक्या खेटून लावतात की ती स्कूटर आत जात नाही आणि गेली तर बाहेर निघत नाही. शिवाय कुबडी टेकवायला जागा नसते. साइड व्हीलवाल्यांनी कारची राखीव जागा मागण्यापेक्षा रांगेच्या टोकाची, एका बाजूने मोकळी असलेली जागा मागावी. ती देणं व्यवस्थापनाला सोपं जातं आणि गाडी मागे न घेता सरळ बाहेर काढता येते.

पे अँड पार्क: ठेकेदाराशी बोलण्याआधी करारनामा वाचा

महापालिकेच्या वाहनतळावर शुल्क माफ आहे की नाही, हे त्या पालिकेच्या धोरणावर आणि ठेक्याच्या अटींवर ठरतं. पावती फाडणाऱ्या पोराला अटी माहीत नसतात, त्याला दिवसाचा गल्ला माहीत असतो. म्हणून आधी दरफलक बघा. त्यावर दिव्यांगांचा उल्लेख असेल तर फोटो काढून ठेवा. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. मागा एवढंच: अमुक वाहनतळाच्या ठेक्याच्या करारनाम्याची प्रत, त्यातल्या दिव्यांगांसाठी राखीव जागा व शुल्कासंबंधीच्या अटी, आणि वाहनतळाचा मंजूर आराखडा. बऱ्याचदा आराखड्यात राखीव जागा असते आणि प्रत्यक्षात तिथे ठेकेदाराची टपरी उभी असते. तो आराखडा हाती आला की तक्रारीला वेगळ्या पुराव्याची गरज पडत नाही.

सवलतच नसेल तर ती मागण्यासाठी पालिकेतल्या दिव्यांग कक्षाकडे किंवा समाजविकास विभागाकडे अर्ज द्या. स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. राखीव जागा आखणं, पाट्या, रॅम्प, साइड व्हीलसाठी अनुदान अशा गोष्टी या निधीतून व्हाव्यात अशी मागणी वॉर्डातल्या चार-पाच जणांनी मिळून केली तर ती बैठकीपर्यंत पोचते.

राखीव जागेत दुसऱ्याच कुणी गाडी लावली असेल तर आधी जागा सार्वजनिक रस्त्यावरची आहे की खासगी आवारातली ते बघा. रस्त्यावरची असेल तर वाहतूक पोलीस. महाट्रॅफिक अॅपवर फोटोसह तक्रार टाकता येते. आवारातली असेल तर सुरक्षारक्षकाशी हुज्जत न घालता व्यवस्थापकाला लेखी द्या.

सोसायटीतली जागा

खरी लढाई इथली असते, कारण समोर रोज लिफ्टमध्ये भेटणारे लोक असतात. सोसायटी म्हणते, ‘नियम सगळ्यांना सारखा, चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात.’ यावर उत्तर कायद्यातच आहे. २०१६ च्या अधिनियमातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्टपणे येते. आणि दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावेत म्हणून केलेले आवश्यक व योग्य फेरफार, ज्याला कायदा वाजवी सोय म्हणतो, ते नाकारणं हा भेदभावाचाच एक प्रकार मानला आहे. लिफ्टजवळची जागा मागणं ही मेहेरबानीची याचना ठरत नाही.

तरीही सुरुवात गोडीने करा. बहुतेक वेळा प्रश्न पैशांचा नसतो, ‘आपली जागा जाईल’ या भीतीचा असतो. म्हणून आधी हेरून ठेवा की लिफ्टजवळच्या जागेवाल्यांपैकी कोण अदलाबदलीला तयार होईल, आणि अर्जात तोच पर्याय सुचवा. बिल्डरने स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा ‘विकली’ आहे असं कुणी म्हणालं तर सांगा की अशी जागा सामाईक असते, बिल्डरला ती विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात महाराष्ट्रातल्याच एका सोसायटीच्या बाबतीत म्हटलंय.

अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘मा. सचिव, सविनय कळवते की माझ्या पतीस ७५ टक्के अस्थिव्यंग असून यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. सध्याच्या पार्किंगपासून लिफ्टपर्यंतच्या वाटेत तीन पायऱ्या असल्याने त्यांना उचलून न्यावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार वाजवी सोय म्हणून लिफ्टलगतची जागा आमच्या सध्याच्या जागेच्या बदल्यात द्यावी. संबंधित सभासदांची अदलाबदलीस तयारी आहे. हा विषय येत्या व्यवस्थापन समितीच्या सभेत घेऊन निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.’

पायऱ्या किती, अंतर किती, उचलून न्यावं लागतं की ढकलत, हे तपशील असू द्या. ‘खूप त्रास होतो’ असं लिहिलेला अर्ज समिती बाजूला सारते, ‘तीन पायऱ्या’ लिहिलेल्या अर्जावर तिला काहीतरी बोलावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज अर्ज होत नाही, वाद मात्र नक्की होतो. समितीने मान्य केलं तर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, म्हणजे पुढच्या निवडणुकीत समिती बदलली तरी जागा जात नाही.

नोकरीच्या ठिकाणीही हाच धागा. वाजवी सोय देण्याची थेट जबाबदारी कलम २० ने सरकारी आस्थापनांवर टाकली आहे. खासगी कंपनीत एचआरकडे समान संधी धोरणाची प्रत मागा, ते धोरण प्रसिद्ध करणं कलम २१ प्रमाणे आवश्यक आहे. पार्किंगची मागणी त्याचा हवाला देऊन करा.

लेखी मागूनही मिळालं नाही तर

सुगम्य भारत अॅपवर फोटो टाकून तक्रार करता येते, सार्वजनिक इमारतींसाठी ते बरं आहे. त्याहून वजनदार जागा म्हणजे पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तक्रार साध्या कागदावर, मराठीत, वकिलाशिवाय करता येते. चौकशीच्या कामात आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित अधिकाऱ्याला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. कायद्याचं उल्लंघन सिद्ध झालं तर कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, नंतरच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीला पोच घेतलेला अर्ज, मोजमापांसह फोटो आणि आधीची उत्तरं जोडली नसतील तर मात्र पहिली तारीख नुसती ‘कागद आणा’ ऐकण्यात जाते.

तलवारीची दुसरी धारही सांगितली पाहिजे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठीचा लाभ फसवून घेतला तर कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आजीच्या नावावर गाडी नोंदवायची आणि आजी घरी असताना टोल वाचवत फिरायचं, हा उद्योग त्यात बसू शकतो. असल्या गाड्यांमुळेच खऱ्या दिव्यांगांकडे नाक्यावर संशयाने बघतात.

गाडीच नसेल तर

बहुतेकांसाठी एसटी आणि रेल्वेच जास्त कामाची. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून जास्त असेल तर सोबतच्या एका साथीदाराला ५० टक्के. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर कंडक्टर अडवू शकतो.

रेल्वेची गोष्ट वेगळी आहे आणि इथे अनेकांची निराशा होते. यूडीआयडीवर ४० टक्के असले म्हणून रेल्वेची तिकीट सवलत मिळत नाही. रेल्वेचे स्वतःचे गट आहेत: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, तसेच बौद्धिक दिव्यांग, पूर्ण दृष्टिहीन, आणि ऐकू व बोलू दोन्ही न येणारे. पहिल्या तीन गटांना सेकंड, स्लीपर, फर्स्ट क्लास, थर्ड एसी आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, फर्स्ट व सेकंड एसीमध्ये ५० टक्के, राजधानी-शताब्दीच्या थर्ड एसी व चेअर कारमध्ये २५ टक्के सवलत आहे, आणि सोबत्यालाही तेवढीच. चौथ्या गटाला सेकंड, स्लीपर आणि फर्स्ट क्लासमध्ये ५० टक्के.

त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग बोर्डासमोर जाल तेव्हाच तो नमुना छापून सोबत न्या आणि ‘सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही’ ही ओळ तुमच्या बाबतीत खरी असेल तर डॉक्टरांकडून त्याच वेळी भरून घ्या. मग रेल्वेच्या दिव्यांगजन ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करायचा, कागदांची पडताळणी रेल्वेकडून होते. कार्डाचा क्रमांक आयआरसीटीसीवर टाकला की सवलतीचं तिकीट घरबसल्या काढता येतं. कार्डालाही मुदत असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या दोन-तीन महिने आधी टाका, म्हणजे गणपती-दिवाळीच्या आरक्षणात कार्ड बाद निघत नाही.